रेडिओ कंप्रता अभिज्ञान, पुरवठा साखळीतील

वस्तूवर बसविलेल्या छोट्या इलेक्ट्रॉनीय टॅगमधील संकेतांक रेडिओ तरंगांच्या साहाय्याने दुरून वाचून त्या वस्तूची ओळख पटविण्याच्या पद्धतीस ‘रेडिओ कंप्रता अभिज्ञान’ म्हणतात. व्यवहारात ही पद्धती ‘आरएफआयडी’ या संक्षिप्त नावाने रूढ आहे. कच्चा माल, कारखाना, गोदाम, वाहतूक व दुकान अशा टप्प्यांतून माल ग्राहकापर्यंत पोहोचतो. या सर्व टप्प्यांच्या जोडणीस पुरवठा साखळी ही संज्ञा लावतात. कोणता माल, किती व कोठे आहे हे वेळेवर समजणे हा या साखळीच्या व्यवस्थापनाचा पाया होय. ही माहिती माणसाच्या हाताने लिहिली जाण्याऐवजी मालाकडूनच मिळावी, या हेतूने रेडिओ कंप्रता अभिज्ञानाचा वापर विसाव्या शतकाच्या अखेरीस वाढत गेला. मात्र त्याचा प्रसार सर्वत्र सारखा झाला नाही. टॅगचा खर्च करणाऱ्यालाच त्यापासून लाभ झाला तेथे ही पद्धती रुजली. खर्च एकाचा व लाभ दुसऱ्याचा असे जेथे झाले तेथे ती बहुधा रेंगाळली, असे तिच्या इतिहासावरून दिसून येते.

साठ्याच्या नोंदीचा प्रश्न : कोणत्याही दुकानात वा गोदामात दोन साठे असतात : एक प्रत्यक्षातला व दुसरा वहीतला किंवा संगणकातला. चोरी, मोडतोड, चुकीच्या जागी ठेवलेला माल, चलनापेक्षा कमी-अधिक आलेले नग व विक्रीच्या वेळी झालेली चुकीची नोंद यांमुळे या दोहोंत तफावत पडते. निकोल डीहोरेशियस व अनंत रामन यांनी एका मोठ्या किरकोळ विक्रेत्याच्या ३७ दुकानांतील सु. ३,७०,००० नोंदी तपासल्या. त्यांपैकी सु. ६५ टक्के नोंदी प्रत्यक्ष साठ्याशी जुळत नाहीत, असे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात आढळले. नोंदीनुसार माल शिल्लक असेल, तर संगणक नवी मागणी पाठवीत नाही. फडताळ मात्र रिकामेच राहते आणि गिऱ्हाईक परत जाते. उलट नोंदीपेक्षा साठा जास्त असेल, तर भांडवल विनाकारण अडकून पडते. ही तफावत कमी करणे हाच या तंत्राच्या वापरामागील मुख्य आर्थिक हेतू आहे.

तत्त्व व घटक : या पद्धतीत टॅग, वाचनयंत्र व संगणक हे तीन मुख्य घटक असतात. टॅगमध्ये सिलिकॉनचे अतिसूक्ष्म संकलित मंडल व त्याला जोडलेला धातूचा आकाशक असतो. विद्युत् घट नसलेल्या टॅगला निष्क्रिय टॅग म्हणतात. वाचनयंत्राने पाठविलेल्या तरंगांतूनच त्याला ऊर्जा मिळते. आकाशकाचे विद्युत् गुणधर्म संकेतांकानुसार बदलून तो परावर्तित तरंगात फेरफार करतो आणि हे फेरफार ओळखून वाचनयंत्र संकेतांक वाचते. आरशाची तिरीप हलवून दूरच्या माणसाला खूण करावी, तसाच हा प्रकार आहे. सक्रिय टॅगमध्ये स्वतःचा विद्युत् घट असल्याने त्याचा संदेश दूरवर पोहोचतो. तथापि त्याची किंमत अधिक व आयुष्य मर्यादित असते.

कंप्रतेनुसार पद्धतीचे गुण बदलतात. १२५ ते १३४ किलोहर्ट्झ या नीच कंप्रतेचे टॅग जनावरांच्या ओळखीसाठी वापरतात. १३·५६ मेगॅहर्ट्झ कंप्रतेचे टॅग ग्रंथालयांतील पुस्तके व प्रवेशपत्रे यांत आढळतात. त्यांचा पल्ला साधारणपणे एक मीटरच्या आत असतो. मालाच्या साखळीत मुख्यतः ८६० ते ९६० मेगॅहर्ट्झ या अतिउच्च कंप्रता वापरल्या जातात. निष्क्रिय टॅग असूनही त्यांचा पल्ला कित्येक मीटर असतो आणि एका सेकंदात शेकडो टॅग वाचता येतात. अनेक टॅगांनी एकाच वेळी उत्तर दिल्यास गोंधळ होतो. तो टाळण्यासाठी प्रत्येक टॅग यदृच्छेने निवडलेल्या कालखंडात उत्तर देईल अशी योजना केलेली असते. या तरंगांना दोन अडथळे विशेष जाणवतात : पाणी ते शोषून घेते व धातू ते परतवून लावतो. त्यामुळे कपड्यांचा खोका सहज वाचला जातो. शीतपेयांच्या डब्यांचा खोका वाचणे मात्र अवघड जाते.

पूर्वेतिहास : दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये विकसित झालेली शत्रू-मित्र विमाने ओळखण्याची पद्धती ही या तंत्राची पूर्वज मानली जाते [⟶ रडार]. जमिनीवरील रडारचा स्पंद पोहोचताच मित्रविमानातील यंत्र ठरावीक उत्तर देत असे. घटाविना चालणाऱ्या साधनाचे एक विलक्षण उदाहरण हेरगिरीच्या इतिहासात आढळते. रशियन संशोधक लेव्ह थेरेमिन यांनी बनविलेले एक श्रवणयंत्र कोरीव लाकडी राजचिन्हात दडवून १९४५ मध्ये मॉस्कोतील अमेरिकन राजदूतास भेट देण्यात आले. त्यात विद्युत् घट नव्हता. बाहेरून रेडिओ शलाका सोडली की खोलीतील बोलणे परावर्तित तरंगावर उमटत असे. ते १९५२ मध्ये उघडकीस आले. परावर्तित शक्तीने संदेशवहन करण्याच्या कल्पनेचे शास्त्रीय विवेचन हॅरी स्टॉकमन यांनी १९४८ मध्ये एका निबंधात केले. मूलभूत अडचणी दूर होण्यासाठी बरेच संशोधन व्हावे लागेल, असेही त्यांनी नमूद केले होते. ट्रँझिस्टर, संकलित मंडल व सूक्ष्मप्रक्रियक हे तिन्ही टप्पे ओलांडले जाईपर्यंत ही कल्पना बहुतांशी कागदावरच राहिली.

पहिला व्यापारी उपयोग ओळखीसाठी नव्हे, तर चोरी रोखण्यासाठी झाला. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेत दुकानांतील मालावर ‘एक-बिट’ टॅग लावण्यास सुरुवात झाली. असा टॅग वस्तू कोणती हे सांगत नसे. पैसे न देता ती दाराबाहेर जात आहे एवढेच कळवीत असे. स्मृती असलेल्या निष्क्रिय टॅगसाठी मारिओ कार्डुलो यांना जानेवारी १९७३ मध्ये अमेरिकेत एकस्व मिळाले. त्याच वर्षी चार्ल्स वॉल्टन यांना किल्लीविना दार उघडणाऱ्या पद्धतीचे एकस्व मिळाले. लॉस ॲलॅमॉस येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेतील कोएली, डेप व फ्रेमन यांनी परावर्तित तरंगांवर आधारलेली ओळखपद्धती १९७५ मध्ये निबंधाद्वारे मांडली. पुढे तेथील काही शास्त्रज्ञांनी स्वतंत्र उद्योग सुरू करून हे तंत्र बाजारात आणले.

याच सुमारास एक स्वस्त प्रतिस्पर्धी पुढे आला. नॉर्मन वुडलँड व बर्नार्ड सिल्व्हर यांचे १९५२ चे एकस्व ज्याच्या मुळाशी आहे, तो रेखासंकेत (बारकोड) २६ जून १९७४ रोजी ओहायओ राज्यातील ट्रॉय या गावच्या दुकानात च्युइंग गमच्या पुडक्यावर प्रथम वाचला गेला. रेखासंकेताला वेष्टनावरील शाईपलीकडे खर्च नाही. मात्र तो दिसल्याखेरीज वाचता येत नाही, एका वेळी एकच वाचावा लागतो आणि नेहमीच्या स्वरूपात तो वस्तूचा फक्त प्रकार सांगतो. एकाच प्रकारच्या दोन नगांतील भेद त्यावरून कळत नाही. टॅगची तुलना यापुढे नेहमी रेखासंकेताच्या किमतीशी होत राहिली.

आगगाडीच्या वाघिणी : मालवाहतुकीतील पहिले मोठे यश रेल्वेत मिळाले. उत्तर अमेरिकेत एका कंपनीच्या वाघिणी दुसऱ्या कंपन्यांच्या मार्गांवरून सतत धावत असल्यामुळे कोणती वाघीण कोठे आहे याचा हिशेब ठेवणे जिकिरीचे होते. अमेरिकन रेल्वे संघटनेने १९६७ मध्ये रंगीत पट्ट्यांची प्रकाशीय पद्धती स्वीकारली. परंतु धूळ व काजळीने पट्ट्या वाचता येईनात आणि पुढील दशकाच्या अखेरीस ती सोडून द्यावी लागली. त्यानंतर १९९१ मध्ये संघटनेने रेडिओ टॅग सक्तीचे करण्याचे ठरविले. प्रत्येक वाघिणीच्या दोन्ही अंगांना एकेक असे टॅग पुढील काही वर्षांत दहा लाखांहून अधिक वाघिणींवर बसविण्यात आले. टॅग महाग असला तरी वाघिणीची किंमत व तिचे कित्येक दशकांचे आयुष्य यांच्या मानाने तो खर्च क्षुल्लक होता. शिवाय वाघिणीचा मालक, मार्गाचा मालक व माहिती वापरणारा हे सर्व एकाच संघटनेचे सदस्य असल्याने खर्च व लाभ यांचा मेळ बसला. पथकर वसुलीतही हीच स्थिती होती. नॉर्वेतील ऑलेसुंड येथे १९८७ मध्ये आणि अमेरिकेत डॅलस येथे १९८९ मध्ये ही पद्धती सुरू झाली.

आखाती युद्धाचा धडा : १९९०-९१ च्या आखाती युद्धात अमेरिकन सैन्याने सु. ४०,००० कंटेनर रणभूमीकडे पाठविले. त्यांत काय आहे याची विश्वासार्ह नोंद नसल्याने निम्म्याहून अधिक कंटेनर केवळ आत पाहण्यासाठी उघडावे लागले. मागितलेला माल मिळाला की नाही हे न कळल्याने तुकड्या तीच मागणी पुनःपुन्हा करीत राहिल्या आणि मालाचे डोंगर साचत गेले. या अनुभवानंतर अमेरिकेच्या संरक्षण खात्याने कंटेनरांवर सक्रिय टॅग लावण्यास प्रारंभ केला. मालाचा अभाव नसून माहितीचा अभाव हे टंचाईचे कारण असू शकते, ही गोष्ट या प्रसंगाने ठळकपणे पुढे आणली.

एमआयटीतील संशोधन केंद्र : दुकानातील प्रत्येक नगावर टॅग लावावयाचा, तर त्याची किंमत काही सेंटांवर येणे आवश्यक होते. या प्रश्नाचा पद्धतशीर विचार १९९९ मध्ये मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी (एमआयटी) येथे स्थापन झालेल्या ‘ऑटो-आयडी सेंटर’ या केंद्रात झाला. प्रॉक्टर अँड गँबल, जिलेट व रेखासंकेतांचे प्रमाणीकरण करणाऱ्या संस्था यांचा त्यास पाठिंबा होता. प्रॉक्टर अँड गँबलमध्ये काम करणारे केव्हिन ॲश्टन यांना एका विशिष्ट छटेची लिपस्टिक दुकानांतून वारंवार संपलेली दिसे आणि साठ्याच्या माहितीवरून त्याचा उलगडा होत नसे. त्यातून त्यांचे लक्ष टॅगकडे वळले. ‘वस्तूंचे आंतरजाल’ हा पुढे रूढ झालेला शब्दप्रयोगही त्यांनी १९९९ मध्ये केला.

आयआयटी कानपूरचे पदवीधर संजय सरमा व त्यांचे सहकारी डेव्हिड ब्रॉक यांनी या केंद्रात एक महत्त्वाची कल्पना मांडली. वस्तूविषयीची सर्व माहिती टॅगमध्ये साठविण्याऐवजी टॅगमध्ये फक्त एक अनन्य क्रमांक ठेवावा व बाकीची माहिती संगणकांच्या जाळ्यात ठेवावी. वाहनाच्या पाटीवर केवळ क्रमांक असतो व मालकाचे नाव परिवहन कार्यालयाच्या दप्तरात असते, त्यासारखीच ही व्यवस्था होय. यामुळे टॅगमधील स्मृती कमी लागून संकलित मंडल लहान व स्वस्त होऊ शकले. पाच सेंटांचा टॅग हे उद्दिष्ट ठरविण्यात आले. या क्रमांकाच्या ९६ बिटांच्या नेहमीच्या रचनेत उत्पादक, वस्तुप्रकार व नगाचा अनुक्रमांक यांची सोय असते. अनुक्रमांकासाठी ३८ बिट राखलेले असल्याने एकाच प्रकारच्या सु. २७,४८८ कोटी नगांना वेगवेगळे क्रमांक देता येतात. २००३ मध्ये केंद्राचे प्रमाणीकरणाचे काम ‘ईपीसीग्लोबल’ या संस्थेकडे सोपविण्यात आले. डिसेंबर २००४ मध्ये ‘जेन-२’ हे प्रमाण मान्य झाले व २००६ मध्ये त्याचा आंतरराष्ट्रीय प्रमाणांत समावेश झाला. निरनिराळ्या उत्पादकांचे टॅग व वाचनयंत्रे परस्परांशी जुळू लागली ती यामुळेच.

सक्तीचा प्रयोग : जून २००३ मध्ये वॉलमार्ट या अमेरिकन विक्रेत्या कंपनीने आपल्या पहिल्या शंभर पुरवठादारांनी जानेवारी २००५ पर्यंत खोके व पॅलेट (माल रचण्याच्या फळ्या) यांवर टॅग लावावेत, असे जाहीर केले. अमेरिकेचे संरक्षण खाते व जर्मनीतील मेट्रो समूह यांनीही त्याच वर्षी अशीच पावले उचलली. आर्‌कॅन्सॉ विद्यापीठाने वॉलमार्टच्या दुकानांचा अभ्यास करून २००५ मध्ये असे दाखविले की, टॅग वापरणाऱ्या दुकानांत माल संपल्याचे प्रसंग १६ टक्क्यांनी कमी झाले. तंत्राचा उपयोग होतो, हे यावरून सिद्ध झाले.

तरीही ही मोहीम अपेक्षेप्रमाणे पुढे गेली नाही. टॅगची किंमत पाच सेंटांवर आली नव्हती आणि ती पुरवठादाराला सोसावी लागत होती. फडताळ भरलेले राहिल्याचा पहिला लाभ मात्र दुकानदारास होत असे. परिणामी अनेक पुरवठादारांनी आपल्या कारखान्यातील व्यवहार न बदलता माल रवाना होण्याच्या अगदी शेवटच्या क्षणी खोक्यांवर टॅग चिकटविण्याचा मार्ग पत्करला. त्यामुळे आज्ञापालन झाले. पण त्यांच्या स्वतःच्या उत्पादनाची वा साठ्याची माहिती काही सुधारली नाही. द्रवपदार्थ व धातूचे डबे यांचे वाचन अवघड असल्याने अडचणीत भर पडली. २००८ मध्ये वॉलमार्टच्या सॅम्स क्लब या शाखेने टॅग नसलेल्या पॅलेटमागे सु. दोन डॉलर आकार लावण्याचे ठरविले. पुढच्याच वर्षी तो १२ सेंटांवर आणावा लागला. खोक्यांवरील टॅगची ही मोहीम त्यानंतर मागे पडली.

तयार कपड्यांतील यश : खोक्यांच्या बाबतीत फसलेली कल्पना कपड्यांच्या बाबतीत यशस्वी झाली. ब्रिटनमधील मार्क्स अँड स्पेन्सर या कंपनीने २००३ मध्ये पुरुषांच्या पोशाखांवर टॅगचा प्रयोग केला व तो हळूहळू वाढविला. फ्रान्समधील देकातलाँ व स्पेनमधील इंदितेक्स (झारा या दुकानांची मालक कंपनी) यांनी पुढील दशकात ही पद्धती स्वीकारली. इंदितेक्सने चोरीविरोधी कडक टॅगमध्येच संकलित मंडल बसविले. विक्रीच्या वेळी तो काढून पुन्हा वापरता येत असल्याने प्रत्येक वापरामागील खर्च घटला.

या यशाची कारणे स्पष्ट आहेत. एकाच नमुन्याचा सदरा अनेक मापांत व रंगांत असतो. हवे ते माप नसले की विक्री बुडते. हाताने सर्व नग मोजणे इतके वेळखाऊ असते की ते वर्षातून एकदोनदाच होते. टॅग असल्यास एक कर्मचारी हातातील वाचनयंत्र फिरवून हजारो नग अल्पावधीत मोजू शकतो. कापडातून तरंग सहज आरपार जातात. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे अशा कंपन्यांत कपडा बनवून घेणारा व विकणारा एकच असल्याने खर्च व लाभ एकाच खतावणीत पडतात. वॉलमार्टनेही २०१० मध्ये जीन्स व पुरुषांच्या मूलभूत कपड्यांपासून नगवार टॅगची नव्याने सुरुवात केली व २०२२ मध्ये खेळणी, गृहोपयोगी वस्तू इ. प्रकारांपर्यंत ती वाढविली.

औषधांच्या बाबतीत मात्र रेखासंकेतच सरस ठरला. बनावट औषधे रोखण्यासाठी २००७ पर्यंत टॅगचा सार्वत्रिक वापर होईल, असे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २००४ मधील अहवालात अपेक्षिले होते. प्रत्यक्षात २०१३ च्या कायद्याने प्रत्येक वेष्टनास अनन्य क्रमांक सक्तीचा केला. परंतु तो छापील द्विमितीय संकेताच्या रूपात. भारतातही ऑगस्ट २०२३ पासून ३०० औषध-नाममुद्रांच्या वेष्टनांवर क्यूआर किंवा रेखासंकेत आवश्यक करण्यात आला. प्रत्येक नगास स्वतंत्र क्रमांक देण्याची कल्पना टिकली. पण ती वाहून नेण्यास रेडिओच हवा असे नाही, हे यावरून दिसते.

खाजगी जीवनाचा प्रश्न : दुकानाबाहेर गेल्यावरही टॅग वाचता येत असल्यास खरेदीदाराच्या नकळत त्याच्या हालचालींचा माग काढता येईल, अशी भीती सुरुवातीपासून व्यक्त झाली. २००३ मध्ये बेनेटन या इटालियन कंपनीच्या कपड्यांत टॅग बसविण्याची योजना जाहीर होताच ग्राहक संघटनांनी बहिष्काराची हाक दिली व कंपनीने माघार घेतली. त्याच वर्षी इंग्लंडमधील केंब्रिज येथील एका दुकानात दाढीच्या पात्यांच्या टॅगवरील प्रयोगाविरुद्ध निदर्शने झाली. जेन-२ प्रमाणात टॅग कायमचा निकामी करण्याच्या आज्ञेची तरतूद आहे. ग्राहकाने स्पष्ट संमती दिली नसल्यास विक्रीच्या वेळी टॅग निष्क्रिय करावा, अशी शिफारस यूरोपीय आयोगाने २००९ मध्ये केली. मात्र खाजगीपणास धोका संभवत नसल्यास तिला अपवाद ठेवला. मालावर लक्ष ठेवणारे साधन माणसावर लक्ष ठेवणारे होऊ नये, यासाठी अशी बंधने आवश्यक मानली जातात.

भारतातील वापर : भारतात ८६५ ते ८६७ मेगॅहर्ट्झ हा पट्टा २००५ मध्ये या कामासाठी परवानामुक्त करण्यात आला. नंदन निलेकणी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१० मध्ये पथकरासाठी निष्क्रिय टॅगची शिफारस केली. त्यावर आधारलेली ‘फास्टॅग’ योजना २०१४ मध्ये मुंबई-अहमदाबाद मार्गापासून सुरू होऊन १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून राष्ट्रीय महामार्गांवरील नाक्यांवर सक्तीची झाली. नाक्यांवरील मालमोटारींचा खोळंबा कमी होणे हा पुरवठा साखळीच्या दृष्टीने तिचा मुख्य लाभ होय.

कंटेनर वाहतुकीतील महत्त्वाचा प्रयोग महाराष्ट्रात झाला. रायगड जिल्ह्यातील न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात जुलै २०१६ मध्ये ‘लॉजिस्टिक्स डेटा बँक’ ही योजना सुरू झाली. बंदरातून बाहेर पडणाऱ्या कंटेनरला टॅग लावतात. वाटेतील पथकर नाके व अंतर्देशीय कंटेनर आगारे यांवरील वाचनयंत्रे त्याची नोंद घेतात आणि मालधन्याला कंटेनर क्रमांकावरून त्याचा ठावठिकाणा समजतो. तो कोठे किती काळ अडकून पडला हेही उघड होत असल्याने बंदर, वाहतूकदार व आगार यांच्यातील दिरंगाईचे मोजमाप शक्य झाले. पुढे ही योजना देशातील इतर प्रमुख कंटेनर बंदरांत नेण्यात आली. निर्यातदारांनी स्वतः बंद केलेल्या कंटेनरांवर इलेक्ट्रॉनीय मोहोर वापरण्याची पद्धत सीमाशुल्क खात्याने २०१७ मध्ये सुरू केली. भारतीय रेल्वेनेही वाघिणी व डबे यांवर टॅग बसविण्याचा कार्यक्रम हाती घेतला.

मूल्यमापन : रेडिओ कंप्रता अभिज्ञानामुळे मोजणीचे श्रम व वेळ वाचतो, साठ्याची नोंद अचूक होते आणि प्रत्येक नगाचा प्रवास तपासता येतो. मात्र टॅग वाचला गेला म्हणजे माल योग्य जागी, योग्य स्थितीत व खरा आहे असे सिद्ध होत नाही. खोक्यातील वस्तू काढून टॅग तसाच ठेवता येतो आणि साध्या टॅगची नक्कलही करता येते. टॅगमधील माहितीवर कृती करणारी शिस्त गोदामात व दुकानात नसेल, तर अचूक नोंदीचाही उपयोग होत नाही. साखळीतील लहान पुरवठादार, वाहतूकदार व दुकानदार यांच्यात खर्चाची व माहितीची न्याय्य वाटणी होणे ही या पद्धतीच्या प्रसाराची मुख्य अट आहे, असे गेल्या पन्नास वर्षांच्या अनुभवावरून म्हणता येते.